थकवावाचक शब्द, इंग्रजी भाषेतील

थकणे, दमणे, भागणे, शिणणे ही मराठीत क्रियापदे आहेत. इंग्रजीत त्यांचे काम मुख्यतः विशेषणे व भूतकालवाचक धातुसाधिते करतात. ‘दमलो’ एवढ्याने मराठी वाक्य पुरे होते. इंग्रजीत ‘आय ॲम टायर्ड’ म्हणावे लागते आणि दमत जाणे सांगायचे तर ‘गेट टायर्ड’. ‘टायर’ हे क्रियापद अकर्मकही चालते (‘शी टायर्स ईझिली’, ती लवकर दमते), मात्र साध्या भूतकाळात ते खेळाच्या वर्णनाबाहेर क्वचितच दिसते: उत्तरार्धात खेळाडू ‘टायर्ड’, म्हणजे त्याचा जोर ओसरला. म्हणून ‘मी दमलो’चे शब्दशः रूपांतर ‘आय टायर्ड’ असे केले की वाक्य बिघडते.

‘टायर्ड’चे मूळ जुन्या इंग्रजीतील ‘तेओरियन’ (कमी पडणे, संपणे) या धातूत आहे. त्यामागचा माग लागत नाही. चाकाचा टायर हा वेगळा शब्द असून तो बहुधा पेहराव या अर्थाच्या ‘अटायर’पासून आला: टायर म्हणजे चाकाचे वस्त्र. ‘विअरी’ हा शब्दही तितकाच जुना, पण आज तो लेखनात अधिक आढळतो. ‘एग्झॉस्ट’ लॅटिनमधून आला. ‘हाउरिरे’ म्हणजे पाणी उपसणे, तेव्हा ‘एग्झॉस्टेड’ माणूस उपसून कोरड्या पडलेल्या विहिरीसारखा. ‘फटीग’ लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला व वैद्यकात आणि धातुशास्त्रात स्थिरावला. वारंवार ताण पडून धातूला जाणारी तडही ‘फटीग’च.

‘नॅकर्ड’ (पार थकलेला) या ब्रिटिश शब्दाच्या व्युत्पत्तीबाबत मतभेद आहेत. ‘नॅकर’ म्हणजे कामातून गेलेले घोडे विकत घेऊन मारणारा व त्यांचे कातडे, हाडे, खूर विकणारा. हा अर्थ १९व्या शतकाच्या प्रारंभापासून नोंदलेला आहे. त्याआधी, १६व्या शतकाच्या सुमारास, याच शब्दाने घोड्याचे सामान बनवणारा कारागीर ओळखला जाई. खोगीर या अर्थाच्या एका स्कँडिनेव्हियन शब्दाशी त्याचे नाते सुचवले जाते, पण ते निश्चित मानता येत नाही. दुसरा पक्ष ‘नॅकर्स’ म्हणजे वृषण या ग्राम्य शब्दाकडे बोट दाखवतो. तोही १९व्या शतकातलाच असून, टाळ्यांसारख्या वाजणाऱ्या चिपळ्यांच्या नावावरून पडला असावा. ‘नॅकर’ या क्रियापदाला मारणे व खच्ची करणे असे दोन्ही अर्थ असल्याने गुंता वाढतो. अर्थाच्या प्रवासाकडे पाहता घोड्याची वाट अधिक सरळ वाटते: जो ‘नॅकर’च्या आवारातच पाठवायच्या लायकीचा उरला, तो ‘नॅकर्ड’. दुसऱ्या अर्थाची सावली मात्र शब्दावर राहिली आहे. मित्रांत तो सर्रास चालतो, मुलाखतीत किंवा कार्यालयीन पत्रात टाळावा. लंडनच्या यमकी बोलीत, म्हणजे शब्दाऐवजी त्याच्याशी यमक जुळणारा प्रयोग करणाऱ्या बोलीत, त्याचेच ‘क्रीम क्रॅकर्ड’ होते.

घोडा अन्यत्रही डोकावतो. ‘जेड’ म्हणजे मरतुकडे घोडे, हा शब्द १४व्या शतकात इंग्रज कवी चॉसरने वापरला आहे, त्यावरून ‘जेडेड’. त्याचा हिरव्या जेड खड्याशी संबंध नाही. आज ‘जेडेड’मध्ये शरीराच्या थकव्यापेक्षा अतिपरिचयाने आलेला वीट अधिक असतो.

वापरात चुका होतात त्या मुख्यतः तीव्रतेच्या. ‘टायर्ड’ला ‘व्हेरी’ लागते. ‘एग्झॉस्टेड’, ‘शॅटर्ड’, ‘नॅकर्ड’ यांच्या अर्थातच कमाल असल्याने त्यांना ‘ॲब्सोल्यूटली’ किंवा ‘कम्प्लीटली’ शोभते. ‘एग्झॉस्टिव्ह डे’ हा प्रयोग चुकीचा, कारण ‘एग्झॉस्टिव्ह’ म्हणजे सर्वंकष. दमवणारा दिवस तो ‘एग्झॉस्टिंग’. शब्दयोगी अव्यय बदलले की अर्थ पालटतो: ‘टायर्ड फ्रॉम’ म्हणजे एखाद्या कामाने दमलेला, ‘टायर्ड ऑफ’ म्हणजे त्याला कंटाळलेला. ‘सिक अँड टायर्ड’ला तर ‘ऑफ’च हवे, आणि त्यात आजार नसतो. धावून दम लागला असेल तर ‘आउट ऑफ ब्रेथ’, ब्रिटिश बोलीत ‘पफ्ड’. तेथे ‘टायर्ड’ नेमके बसत नाही. लहान मूल ‘टायर्ड’ आहे असे आई म्हणते तेव्हा बहुधा त्याला झोप आलेली असते.

अमेरिकी बोलीत ‘बीट’, ‘बुश्ड’, ‘पूप्ड’, ‘टकर्ड आउट’, ‘वाइप्ड आउट’ चालतात. येथे ‘बीट’ हेच रूप. ‘आय ॲम बीटन’ म्हटले तर मी हरलो असा अर्थ होतो. ‘डेड बीट’ विशेषण म्हणून पार गळालेला, पण नाम म्हणून देणी बुडवणारा. ऑस्ट्रेलियात ‘स्टफ्ड’ म्हणजे थकलेला, इतरत्र तेच पोट तुडुंब भरल्यावर म्हणतात.

‘बर्नआउट’ला (कामाच्या सततच्या ताणाने गळून जाणे) मानसशास्त्रीय अर्थ मिळाला तो मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांच्या १९७४ मधील लेखाने. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या ११व्या आवृत्तीत त्याची नोंद आजार म्हणून नाही, व्यवसायाशी निगडित स्थिती म्हणून आहे. त्यामुळे एका रात्रीच्या जागरणाला ‘बर्नआउट’ म्हणणे अतिशयोक्तीचे ठरते.

‘टायर्ड अँड इमोशनल’ हा प्रयोग थकव्याचा दिसतो, पण ब्रिटिश पत्रकारितेत त्याचा अर्थ दारू चढलेला असा आहे. ‘प्रायव्हेट आय’ या उपरोधिक नियतकालिकाने १९६०च्या दशकात तो रूढ केला.