इंग्रजी व्याकरणाचे प्रकल्पाधारित अध्यापन

इंग्रजी व्याकरणाचे प्रकल्पाधारित अध्यापन : विद्यार्थ्यांनी काही दिवस किंवा आठवडे चालणारे एखादे खरे काम इंग्रजीतून पुरे करावे आणि त्या कामात जिथे अडेल तिथले व्याकरण तिथेच शिकावे, अशी पद्धत. शेवटी मुलाखतींची पुस्तिका, गावाचा नकाशा, भित्तिपत्रक किंवा सर्वेक्षणाचा अहवाल असे काहीतरी तयार होते आणि ते वर्गाबाहेरचे कोणीतरी वाचते. आधी नियम, मग उदाहरणे, मग रिकाम्या जागा हा शाळेतला नेहमीचा क्रम इथे उलटतो.

पद्धतीचे मूळ भाषाशिक्षणात नाही. अमेरिकी शिक्षणविचारवंत जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात सुरू केलेल्या शाळेत मुले स्वयंपाक, विणकाम, सुतारकाम करता करता इतर विषय शिकत. त्यांचे शिष्य विल्यम हर्ड किलपॅट्रिक यांच्या १९१८ मधील निबंधामुळे ‘प्रकल्प पद्धती’ हे नाव रूढ झाले. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत पुढे आलेल्या नयी तालीमचा, म्हणजे हस्तोद्योगातून शिकवण्याच्या गांधीजींच्या योजनेचा विचारही याच जवळचा. मात्र त्या योजनेचा भर मातृभाषेवर होता आणि इंग्रजीला तिच्यात जागा नव्हती.

इंग्रजीपुरता सर्वांत गाजलेला भारतीय प्रयोग दक्षिणेत झाला. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांच्या पुढाकाराने १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर, मद्रास व आसपासच्या काही शाळांत नियम न सांगता, रेल्वेची वेळापत्रके, नकाशे अशा सामग्रीवरची कोडी सोडवून घेत इंग्रजी शिकवले गेले. मन अर्थामध्ये गुंतले की व्याकरण आपोआप मुरते, हा त्यामागचा विश्वास. अ‍ॅलन बेरेटा आणि अ‍ॅलन डेव्हिस यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनात नेहमीच्या वर्गांतली मुले वाक्यरचनांच्या चाचणीत पुढे होती, तर संदर्भासहित व्याकरण आणि आकलनात प्रयोगातली मुले सरस ठरली. ही कामे तासाभरात संपणारी होती, म्हणजे काटेकोर अर्थाने प्रकल्प नव्हेत. पण इंग्रजी वापरता वापरताच व्याकरण येते, हे म्हणणे भारतीय वर्गात तपासले गेले ते इथे.

प्रकल्पातून व्याकरण कसे वर येते हे मराठी मुलांच्या वहीत स्पष्ट दिसते. समजा, सातवीच्या वर्गाला घरातल्या वडीलधाऱ्यांची मुलाखत घेऊन इंग्रजीत एक पान लिहायचे आहे. प्रश्न मराठीत विचारले जातात, टिपणेही मराठीतच. आजी सांगते, ‘मी विहिरीवरून पाणी आणायची.’ मूल लिहिते, ‘शी वॉज ब्रिंगिंग वॉटर.’ ‘आणायची’मधली रोजची सवय या वाक्यात उतरत नाही, आणि ‘यूज्ड टू’ शिकवायची वेळ येते. पुढचे वाक्य आणखी मजेदार : ‘ग्रँडमदर सेड दॅट आय स्टडीड टिल फोर्थ.’ मराठीत ‘आजी म्हणाली की मी चौथीपर्यंत शिकले’ हे बिनचूक आहे, कारण ‘की’नंतरही बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवता येतात. इंग्रजीत मात्र वाचणाऱ्याला वाटते, चौथीपर्यंत नातूच शिकला. शेजारच्या बाकावरच्या मुलाने ‘म्हणजे तू चौथीतच शाळा सोडलीस?’ असे विचारले की अप्रत्यक्ष कथनाचा नियम कशासाठी आहे ते फळ्यावर लिहिण्याआधीच कळते.

म्हणून प्रकल्प निवडतानाच व्याकरण ठरते. जुन्या वाड्याची किंवा पुलाची माहिती लिहायला घेतली की तो कोणी बांधला हे माहीत नसल्याने कर्मणी प्रयोग टाळता येत नाही. गावाचा नकाशा म्हणजे ‘नेक्स्ट टू’, ‘अक्रॉस’, ‘बिहाइंड’. दोन बाजारांतल्या भाज्यांचे भाव मांडले की विशेषणांची तुलना आलीच. ‘पर्यावरण’ असा मोघम विषय दिला तर कोणतीच रचना अटळ राहत नाही आणि मुले इंटरनेटवरचे परिच्छेद उतरवून काढतात.

पद्धतीची मर्यादाही इथेच आहे. जो नियम मोडल्यावर अर्थ बिघडतो, तोच प्रकल्पात आपणहून पुढे येतो. ‘आय हॅड गॉन टू मार्केट यस्टरडे’ हे ‘मी काल बाजारात गेलो होतो’चे थेट इंग्रजी रूप चुकीचे आहे (हवे ‘वेंट’), पण ते कोणालाही समजते, त्यामुळे कोणी अडत नाही. ‘ए’ आणि ‘द’चे तसेच, मराठीत उपपदे नाहीत आणि ती गाळली तरी काम सहसा भागते. कितीही प्रकल्प केले तरी या चुका टिकून राहतात. १९९१ मध्ये भाषाशिक्षणाचे संशोधक मायकेल लाँग यांनी सुचवलेली वाट अशी की अर्थाचे काम चालू असतानाच थोडा वेळ थांबून भाषेच्या रूपाकडे लक्ष वेधावे. व्यवहारात याचा अर्थ पहिला मसुदा हाती आल्यावर वर्गात वारंवार दिसलेल्या दोन-तीन चुका निवडून एक तास सरळ व्याकरणाचा घेणे. हा तास वगळला, तर जे होते ते हस्तकला.

महाराष्ट्रात २००० पासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते आणि ‘प्रकल्प’ हा शब्द प्रत्येक घरात पोहोचला आहे; पण बऱ्याचदा त्याचा अर्थ स्टेशनरीच्या दुकानातून आणलेली चित्रे, स्केचपेनची नक्षी आणि आदल्या रात्री आईने लिहून दिलेला मजकूर एवढाच असतो. अशा फायलीतून व्याकरण शिकले जाण्याची शक्यता शून्य. गटकामाचाही धोका आहे : इंग्रजी बरे असलेले एकच मूल लिहिते, बाकीचे समास आखतात. प्रभूंनी तर गटकाम टाळलेच होते. मुलांची कच्ची भाषा एकमेकांच्या ऐकण्यात पक्की होईल अशी त्यांना शंका होती. माहिती गटाने गोळा करावी, पण पान प्रत्येकाने वेगळे लिहावे आणि गुण देताना पहिला व शेवटचा मसुदा शेजारी ठेवून पाहावा, ही तडजोड वर्गात निभते. साठ मुलांच्या वर्गात सगळे मसुदे तपासणे मात्र एका शिक्षकाच्या आवाक्याबाहेरचे असते, तेव्हा आळीपाळीने दहा-बारा पानेच नीट पाहावी लागतात.