तपासणारा कोणाच्या हाताखाली? भारतातील अणुसुरक्षा नियमनाची पार्श्वभूमी

तारापूरच्या पहिल्या दोन संचांनी २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यापारी वीजनिर्मिती सुरू केली, तेव्हा अणुवीज केंद्रांची तपासणी करणारी वेगळी संस्थाच देशात नव्हती. आराखडा अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचा, मालकी अणुऊर्जा विभागाची, आणि अणुभट्टी चालवण्याजोगी आहे की नाही हे सांगणाऱ्या समित्याही त्याच विभागाने नेमलेल्या. बांधणारा, चालवणारा आणि तपासणारा असे तिघेही एकाच घरातले.

त्या काळी याचे कोणाला वावगे वाटले नाही, आणि त्याला कारणही होते. अणुविज्ञान जाणणारी माणसे मोजकी होती आणि ती बहुतेक मुंबईत ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रातच होती. ए. के. गांगुली यांच्यासारख्या शास्त्रज्ञाने तिथे किरणोत्सारापासून संरक्षणाची शिस्त बसवली. प्रत्येक कामगाराच्या छातीवर किरणोत्सार टिपणारा फिल्म बॅज, त्याला किती मात्रा लागली याची नोंद, आणि मर्यादा ओलांडली तर कामातून बाजूला काढणे, ही घडी त्या पिढीने घातली. त्यांच्या सचोटीबद्दल मला शंका नाही. पण सचोटीची माणसे मिळणे आणि सचोटीने वागायला भाग पाडणारी व्यवस्था असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुढची पन्नास वर्षे सगळा वाद या फरकाभोवतीच फिरत राहिला.

अमेरिकेत हा प्रश्न आधी ऐरणीवर आला. तिथला अणुऊर्जा आयोग अणुविजेचा प्रसारही करत होता आणि तिच्यावर नियंत्रणही ठेवत होता. १९७४च्या कायद्याने तो मोडीत काढला गेला आणि जानेवारी १९७५पासून निव्वळ नियमनासाठी न्यूक्लिअर रेग्युलेटरी कमिशन काम करू लागले. त्याच १९७५ साली आपल्याकडे अणुऊर्जा विभागाने सुरक्षा आढावा समिती नेमली. समिती विभागाचीच होती, तरी निदान ‘सुरक्षा’ हे वेगळे खाते झाले. २८ मार्च १९७९ला पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंडमध्ये भट्टीचा गाभा अंशतः वितळला आणि जगभर फेरविचार सुरू झाला. आपल्याकडे मेकोनी समितीने नियमनाची वेगळी व्यवस्था सुचवली आणि १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. पहिले अध्यक्ष प्रा. ए. के. डे हे मुंबई आयआयटीचे संचालक राहिलेले, म्हणजे विभागाबाहेरचे. ही निवड चांगली होती.

मात्र मंडळाचा पाया कच्चा राहिला. ते संसदेच्या स्वतंत्र कायद्याने जन्मले नव्हते. अणुऊर्जा कायदा १९६२च्या कलम २७खाली सरकारने आपले काही अधिकार एका आदेशाने त्याच्याकडे सोपवले होते, एवढेच. शिवाय मंडळ उत्तरदायी होते भारताच्या अणुऊर्जा आयोगाला, आणि आयोगाचे अध्यक्ष तेच अणुऊर्जा विभागाचे सचिव. केंद्रे चालवणारे न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन १९८७मध्ये वेगळे झाले, तेही याच विभागाखाली. तपासणी करणारा आणि जिची तपासणी व्हायची ती कंपनी, दोघांचेही कागद शेवटी एकाच टेबलावर जात.

रोजचे काम मात्र गंभीरपणे उभे राहिले. केंद्राला परवाना मुदतीचा, साधारण पाच वर्षांचा. दर दहा वर्षांनी संपूर्ण केंद्राचा खोलवर आढावा. चालू केंद्रांच्या सुरक्षेचा आढावा घ्यायला ‘सारकॉप’ ही समिती. मंडळाचे निरीक्षक ठरावीक काळाने केंद्रात जातात, आणीबाणीच्या यंत्रणांच्या चाचण्या वेळेवर झाल्या का, कोणाला किती किरणोत्सार लागला, मागच्या खेपेच्या सूचनांचे काय झाले, हे पाहतात. या शेवटच्या प्रश्नाचे महत्त्व कळायला नरोराची रात्र आठवावी लागते.

३१ मार्च १९९३. उत्तर प्रदेशात गंगेकाठच्या नरोरा केंद्राचा पहिला संच चालू होता. पहाटे साडेतीनच्या सुमारास टर्बाइनच्या शेवटच्या टप्प्यातली दोन पाती तुटली. प्रचंड हादऱ्यांनी जनरेटरमधला हायड्रोजन बाहेर पडून पेटला, पाठोपाठ वंगणतेल पेटले. मुख्य विजेच्या आणि आणीबाणीच्या विजेच्या केबल जवळजवळ टाकलेल्या होत्या, त्या एकदमच जळाल्या. केंद्रात काळोख झाला. धूर नियंत्रण कक्षात शिरला आणि कर्मचाऱ्यांना तो सोडावा लागला. त्याआधी भट्टी बंद केली होती म्हणून निभावले, पण बंद भट्टीचाही गाभा तापत राहतो आणि त्याला पाणी लागतेच. काही जण हातात बॅटऱ्या घेऊन भट्टीच्या इमारतीत वर चढले आणि भट्टी पुन्हा पेटू नये म्हणून झडपा हाताने उघडून बोरॉनचे द्रावण गाभ्यात सोडले. वाफनिर्मिती यंत्रांना पाणी मिळाले ते आग विझवण्याच्या डिझेल पंपांनी. सुमारे १७ तास केंद्र विजेविना होते. किरणोत्सार बाहेर पडला नाही.

त्या माणसांचे शौर्य मोठेच. पण अशी पाती तुटू शकतात म्हणून त्यांच्या रचनेत बदल करा, असे टर्बाइनचा मूळ आराखडा देणाऱ्या परदेशी कंपनीने आधीच कळवले होते आणि तो बदल वेळेत झाला नव्हता. हे वाचून मी आजही अस्वस्थ होतो.

पुढच्याच वर्षी, १३ मे १९९४ला, कर्नाटकातल्या कैगा इथे बांधकाम चालू असताना भट्टीवरच्या घुमटाचे काँक्रीट कोसळले. तेव्हाचे मंडळाचे अध्यक्ष ए. गोपालकृष्णन यांनी देशभरच्या अणुप्रकल्पांतल्या सुरक्षाविषयक त्रुटींची मोठी यादी करून घेतली आणि पद सोडल्यावर मंडळाच्या पराधीनतेबद्दल जाहीरपणे बोलत राहिले. २००० साली सरकारने भाभा अणुसंशोधन केंद्राची सुरक्षा तपासणी मंडळाकडून काढून त्या केंद्राच्याच अंतर्गत व्यवस्थेकडे दिली. यासाठी संसदेत जावे लागले नाही. आदेशाने दिलेले आदेशाने परत घेता येते, हे तेव्हा उघड दिसले.

तरीही मंडळ नुसते शोभेचे होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल, आणि त्याचा पुरावा तारापुरातच आहे. सुहास सुखात्मे अध्यक्ष होते त्या काळात तारापूरच्या जुन्या दोन संचांचा सर्वंकष आढावा घेतला गेला. आढाव्यातून निघालेल्या सुधारणांसाठी २००५-०६मध्ये दोन्ही संच थांबवले. सामायिक असलेल्या वीज यंत्रणा प्रत्येक संचासाठी वेगळ्या केल्या, जास्त क्षमतेचे नवे डिझेल जनरेटर बसवले, भूकंपाचा हिशेब नव्या निकषांवर मांडला आणि मुख्य नियंत्रण कक्ष सोडायची वेळ आली तर उपयोगी पडेल असा पूरक नियंत्रण कक्ष उभारला. नरोरात जे जे कमी पडले, त्यातले बरेच काही इथे आधीच बांधून ठेवले गेले.

मग ११ मार्च २०११ला जपानमध्ये फुकुशिमाची अणुदुर्घटना झाली. तिथल्या भट्ट्याही तारापूरच्या जुन्या भट्ट्यांसारख्याच उकळत्या पाण्याच्या जातीच्या, तेव्हा पालघरच्या किनाऱ्यावर चिंता पसरणे साहजिक होते. मंडळाने माजी अध्यक्ष एस. के. शर्मा यांच्या समितीकडून सर्व केंद्रांचा आढावा घेतला. वीज पूर्ण गेल्यावर बाहेरून पाणी सोडण्याच्या जोडण्या आल्या. सप्टेंबर २०११मध्ये सरकारने स्वतंत्र अणुसुरक्षा नियामक प्राधिकरणाचे विधेयक लोकसभेत मांडले, पण ते मंजूर होण्याआधीच २०१४मध्ये लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळले. दरम्यान २०१२चा कॅगचा, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल आला. मंडळाला नियम करण्याचा अधिकार नाही, दंडाची कमाल रक्कम ५०० रुपये, आणि देशातली बहुसंख्य वैद्यकीय एक्स-रे केंद्रे नोंदणीविना चालू आहेत, असे त्यात होते. अणुभट्टीपासून दूर राहणाऱ्या वाचकानेही घाबरावे ते या शेवटच्या वाक्याला, कारण एक्स-रे तर गल्लोगल्ली निघतो. २०१५मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पथकाने मंडळाच्या कामाची वाखाणणी केली आणि त्याचे स्वातंत्र्य कायद्यात पक्के करा, अशी शिफारसही केली.

ती शिफारस कागदावर उतरायला दहा वर्षे गेली. डिसेंबर २०२५मध्ये संसदेने ‘शांती’ कायदा मंजूर केला. त्याने १९६२चा कायदा मोडीत काढला, खासगी कंपन्यांना अणुवीजनिर्मितीची दारे उघडली आणि नियामक मंडळाला प्रथमच कायद्याचा दर्जा दिला. सरकारी कंपनीला जाब विचारणे अवघड होते, आता खासगी चालकांनाही विचारायचा आहे, म्हणून हा दर्जा मिळाला याचा मनापासून आनंद वाटतो. मात्र मंडळाचे अध्यक्ष आणि सदस्य ज्या निवड समितीच्या शिफारशीने नेमले जाणार, ती समिती बसवण्याचे काम या कायद्यानेही अणुऊर्जा आयोगाकडेच ठेवले आहे.