टीव्हीचा रिमोट सापडला का? (घरच्या वाढदिवसाला पीएस४ बुक करणाऱ्यांसाठी)

मंडळी, पीएस४ म्हणजे प्लेस्टेशन ४, टीव्हीला जोडून खेळायचं गेम मशीन, ते आम्ही वाढदिवसाला भाड्यानं देतो. रोज एक तरी फोन येतेच, "भाऊ, आमच्या टीव्हीवर चालते का?" चालते. एचडीएमआय पोर्ट (मशीनची वायर लावायची चपटी खाच) असलेल्या कोणत्याही टीव्हीवर चालते, स्मार्टच पाहिजे असं काही नाही, वायफायही नाही लागत, गेम मशीनमधे आधीच भरलेले असतात. जुना डब्बा टीव्ही असन तर मात्र पीएस४ ला पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनाच नाहीत. कन्व्हर्टर आहे आमच्याकडे, पण चित्र धूसर येते अन् अक्षरं वाचता येत नाहीत, म्हणून आम्हीच नको म्हणतो. अशा घरी आमचा ४३ इंची टीव्ही सोबत घेऊन येतो, त्याचं भाडं वेगळं.

आता खरी गोष्ट. आमचा सगळ्यात जास्त वेळ कशात जाते माहीत आहे का, तुमच्या टीव्हीचा रिमोट शोधण्यात! तुम्ही रोज वापरता तो डिशचा, म्हणजे सेटटॉप बॉक्सचा रिमोट. त्यानं चॅनल बदलते, आवाज कमी-जास्त होते, म्हणून टीव्हीचा स्वतःचा रिमोट कुठं गेला हे कोणाच्या ध्यानातच नाही, त्याचे सेल तर कधीचेच भिंतीवरच्या घड्याळात गेलेले असतात. पण टीव्हीला डिशवरून आमच्या मशीनवर आणायला सोर्स किंवा इनपुटचं बटण लागते, अन् ते टीव्हीच्या रिमोटवर असते. केक मांडलेला, आजी ओवाळायला तबक घेऊन उभ्या, पोट्टे मांडी घालून टीव्हीसमोर, अन् आम्ही सोफ्याच्या गाद्या उचलून रायलो, असं किती घरी झालं. फोनवर "रिमोट आहे ना?" विचारलं की लोकं म्हणतात, "तो तुम्हीच आणाल ना!" खेळायचा तो कंट्रोलर, तो आम्ही आणतो. आम्ही विचारतो टीव्हीचा.

तर आदल्या दिवशी नवे सेल टाका, सोर्स दाबा, पडद्यावर एचडीएमआय १, २ अशी यादी आली की झालं काम. रिमोट हरवलाच असन तर टीव्हीच्या खाली नाहीतर मागे बटण असते, पण भिंतीला चिकटवलेल्या टीव्हीमागे बोट जात नाही. रेडमीच्या बऱ्याच फोनमधे रिमोटची सोय असते, तीही करून पहा. काही टीव्ही मशीन लावल्याबरोबर आपोआप बदलतात, पण त्या भरवशावर लेकराचा वाढदिवस ठेवू नका.

३ तास आम्ही बुकिंगच्या ठरलेल्या वेळेपासून मोजतो, पहिला गेम सुरू झाल्यापासून नाही. यावर काहीजण नाराज होतात. पण जोडणी करायला अर्धा तास आधी येतो त्याचा पैसा घेत नाही, अन् संध्याकाळी दुसऱ्या गावी दुसरा वाढदिवस वाट पाहत असते, तिथल्या लेकरानं काय करावं?

फ्री फायर लावून द्या म्हणतात पोट्टे. तो मोबाईलचा गेम आहे, पीएस४ वर नाही. क्रिकेट, फुटबॉल, मारामारी, गाड्यांची रेस आहे. एका वेळी जास्तीत जास्त ४ कंट्रोलर जोडता येतात, म्हणून पंधरा पोट्टे असतील तर हरला तो उठला असा नियम लावा, भांडणं कमी होतात. जीटीए नावाचा गेमही मागतात, तो १८ वर्षांवरच्यांचा आहे, लहानांच्या वाढदिवसाला आम्ही लावत नाही, मामानं सांगितलं तरी.

मशीनचा प्लग लावला त्या लाईटच्या बोर्डावर कूलर, मिक्सर लावू नका. लाईट गेली तर मशीन बंद पडते, चालू केल्यावर स्वतःची तपासणी करते, तेव्हा घाबरून स्विच बंद-चालू करू नका, थांबा जरासं. अन् स्नो स्प्रे अंगणात! मेणबत्ती जवळ असली तर तो पेट घेते, अन् मशीनच्या जाळीत गेला तर खर्च डिपॉझिटमधून कापतो, हे आधीच सांगून ठेवतो.

बुकिंग करताना दोन फोटो टाका, एक टीव्हीच्या मागच्या पोर्टचा, दुसरा टीव्हीच्या रिमोटचा. भिंतीवरचा टीव्ही असन तर लिहा, ५ मीटरची वायर घेऊन येतो.