कमांडर डेकमधील रिमूव्हल कार्डांचा समतोल

'मॅजिक: द गॅदरिंग' या ट्रेडिंग कार्ड खेळाच्या कमांडर या बहुखेळाडू प्रकारात डेक (खेळाडूचा स्वतःचा कार्डांचा गठ्ठा) बांधताना, प्रतिस्पर्ध्यांनी मांडलेली कार्डे नष्ट करणारी, खेळाबाहेर काढणारी, मालकाच्या हातात परत पाठवणारी किंवा जागच्या जागी निष्प्रभ करणारी कार्डे किती, कोणत्या जातीची आणि किती मॅनाची (कार्ड टाकण्यासाठी मोजावी लागणारी ऊर्जा) ठेवावीत यासंबंधीचा निर्णय. अशा कार्डांना खेळाडू सरसकट 'रिमूव्हल' म्हणतात. एका लक्ष्यावर चालणारे रिमूव्हल आणि सगळा पट साफ करणारे 'बोर्ड वाइप' हे त्याचे दोन ठळक प्रकार होत. स्पेल, म्हणजे टाकलेले कार्ड, पटावर उतरण्यापूर्वीच रद्द करणारी काउंटरस्पेल काटेकोर अर्थाने रिमूव्हल नसली, तरी डेकच्या हिशेबात ती याच खात्यात धरावी लागतात.

रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेला हा खेळ विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने 1993 मध्ये बाजारात आणला. सोर्ड्स टू प्लाउशेअर्स, रॅथ ऑफ गॉड आणि काउंटरस्पेल ही आजही खेळली जाणारी कार्डे त्याच्या पहिल्याच संचातली असून त्यांची किंमत ठरवताना डोळ्यांसमोर मुख्यतः दोघांचा सामना होता. कमांडर हा प्रकार मात्र खेळाडूंनी स्वतः, 'एल्डर ड्रॅगन हायलँडर' या नावाने, रूढ केला आणि कंपनीने 2011 मध्ये त्यासाठी पहिल्यांदा तयार डेक काढले. यात डेकचा म्होरक्या असलेले 'कमांडर' कार्ड धरून 100 कार्डे असतात, बेसिक लँड (मॅना देणारी मूळ कार्डे) वगळता कोणतेही कार्ड एकदाच घेता येते, प्रत्येकाला 40 लाइफ (जीवनगुण) मिळते आणि बहुतेक डावांना चार जण बसतात. समतोलाचा प्रश्न मुळात या चार खुर्च्यांमुळे उभा राहतो.

दोघांच्या सामन्यात आपले एक कार्ड खर्चून समोरच्याचे एक कार्ड उडवले, तर व्यवहार बरोबरीत सुटतो आणि त्यात मॅनाही वाचला असेल तर तो फायद्याचा ठरतो. चौघांच्या डावात तोच व्यवहार तोट्याचा होतो, कारण उडवणाऱ्याचे एक कार्ड गेले, ज्याचे उडाले त्याचे एक गेले, आणि उरलेले दोघे काहीही न गमावता, वर एक धोका टळल्याचा लाभ पदरात पाडून बसून राहिले. एकाने खर्च करायचा आणि उपयोग सर्वांना व्हायचा, अशा या रचनेत प्रत्येकाला 'दुसरा कोणीतरी बघेल' असे वाटणे स्वाभाविक असते आणि चौघांनाही तसे वाटले, तर पाचव्या-सहाव्या फेरीत कोणीतरी बिनविरोध जिंकून जातो. उलट जो खेळाडू दिसेल त्या क्रीचरवर (लढणाऱ्या प्राण्याच्या कार्डावर) रिमूव्हल टाकत सुटतो, तो स्वतःचा हात रिकामा करून दोन प्रतिस्पर्ध्यांना पुढे काढतो. म्हणून कमांडरमधील एकेरी रिमूव्हल हे आघाडी मिळवण्याचे नव्हे, तर पराभव टाळण्याचे साधन मानावे लागते आणि पटावर नुसते मोठे असलेले काही उडवण्यासाठी ते वापरणे बहुधा चूक ठरते.

या विचारातून कार्ड निवडीचे निकष आपोआप निघतात. कार्ड स्वस्त हवे, म्हणजे स्वतःची मांडणी करूनही एक-दोन मॅना त्याच्यासाठी राखून ठेवता येतो. ते इन्स्टंट (कोणाच्याही पाळीत टाकता येणारे) हवे, म्हणजे इतर तिघांना आधी उत्तर देण्याची संधी मिळते आणि अगदी अखेरच्या क्षणी, ते खरोखर लागणार आहे हे कळल्यावरच ते वापरता येते. सोर्ड्स टू प्लाउशेअर्स एका पांढऱ्या मॅनात क्रीचर खेळाबाहेर काढते आणि मोबदल्यात त्याच्या धन्याला त्या क्रीचरच्या पॉवरइतके (हल्ल्याच्या ताकदीइतके) लाइफ देते. 40 लाइफच्या खेळात हा मोबदला किरकोळ असतो. बीस्ट विदिन (2011) आणि जेनेरस गिफ्ट (2019) ही कार्डे तीन मॅनात कोणतेही पर्मनंट (पटावर टिकणारे कार्ड) नष्ट करून समोरच्याला 3/3 टोकन (पॉवर 3 आणि टफनेस, म्हणजे सोसण्याची ताकद, 3 असलेले क्रीचर) देतात. दोघांच्या सामन्यात ही भरपाई जड वाटेल, पण चौघांमध्ये ते टोकन बहुधा दुसऱ्याच कोणावर हल्ला करते. लक्ष्याची व्याप्ती ही यांची खरी ताकद आहे, कारण एकच प्रत घेता येत असल्याने नेमक्या वेळी नेमके उत्तर हाती असण्याची खात्री कधीच नसते.

कमांडर हे लक्ष्य मात्र वेगळ्या जातीचे असते. तो मेला किंवा खेळाबाहेर काढला गेला, तरी मालक त्याला कमांड झोनमध्ये (त्याच्या राखीव जागेत) परत नेऊ शकतो आणि तिथून पूर्वी जितक्या वेळा तो टाकला असेल तितक्या वेळा दोन जादा मॅना देऊन पुन्हा आणू शकतो. चार-पाच मॅनाच्या कमांडरला दोनदा उडवले की तो डेक जवळपास थांबतो, पण दोन मॅनाच्या कमांडरवर कार्डे खर्चणे हे हातचे वाया घालवणे आहे. यावरचा जुना आणि थोडा खवचट उपाय म्हणजे त्याला न मारता अडकवून ठेवणे. डार्कस्टील म्यूटेशन त्याला क्षमता हरवलेला, पण नष्ट न होणारा 0/1 किडा बनवते, तर इम्प्रिझन्ड इन द मून त्याचे लँडमध्ये रूपांतर करते. तो पटावरच राहत असल्याने कमांड झोनची वाट बंद होते आणि मालकाला स्वतःच्याच कमांडरचा बळी देण्याची सोय शोधावी लागते.

संख्येबाबत 'दहा रिमूव्हल' असा एक ठोकताळा प्रचलित आहे. सदतीसच्या आसपास लँड, दहाएक मॅना वाढवणारी आणि तितकीच पत्ते ओढणारी कार्डे धरली, की रिमूव्हलच्या वाट्याला साधारण तेवढीच जागा उरते. हा आकडा तपासून पाहता येतो. पाचव्या फेरीपर्यंत, जादा पत्ते न ओढता, खेळाडूने 99 पैकी 12 कार्डे पाहिलेली असतात. डेकमध्ये 5 रिमूव्हल असतील, तर त्यांपैकी किमान एक तोवर हाती येण्याची शक्यता सुमारे 48 टक्के, 10 असतील तर 74 टक्के आणि 15 असतील तर 88 टक्के येते. पहिल्या पाचांवरून दहावर जाताना 26 टक्क्यांची भर पडते, तर पुढच्या पाचांनी केवळ 14 टक्क्यांची. त्या पाच जागा डेकच्या स्वतःच्या योजनेतून कापलेल्या असतात, हे लक्षात घेता दहाचा ठोकताळा अगदीच निराधार नाही. पण तो केवळ संख्या सांगतो. दहाही कार्डे फक्त क्रीचर मारणारी असतील, तर समोरच्या एन्चांटमेंटपुढे (पटावर टिकणाऱ्या मंत्राच्या कार्डापुढे) तो डेक निःशस्त्रच असतो.

रंगांमुळे ही अडचण अधिक तीव्र होते, कारण कमांडरच्या रंगांबाहेरचे कार्ड डेकमध्ये घेताच येत नाही. पांढऱ्या रंगाकडे जवळजवळ प्रत्येक जातीवर उत्तर आहे. काळा क्रीचर मारण्यात निष्णात, पण आर्टिफॅक्टपुढे (वस्तूंच्या कार्डांपुढे) हतबल. एन्चांटमेंटबाबतही तो बराच काळ तसाच होता, 2020 च्या फीड द स्वॉर्मने तिथे थोडी वाट काढून दिली. लाल रंग आर्टिफॅक्ट सहज फोडतो आणि एन्चांटमेंटसाठी केऑस वॉर्पसारख्या अपवादांवर विसंबतो. हिरव्याचे नेमके उलटे: आर्टिफॅक्ट आणि एन्चांटमेंट त्याला अवघड नाहीत, क्रीचर मात्र स्वतःच्या क्रीचरशी झुंजवून मारावे लागते. निळा परत पाठवतो किंवा आधीच अडवतो. ग्रेव्हयार्डवर (वापरलेल्या आणि मेलेल्या कार्डांच्या ढिगावर) विसंबलेल्या डेकांसाठी बोजुका बॉगसारखी लँड घेतली, तर स्पेलची जागा न दवडता तेही खाते भरून निघते.

बोर्ड वाइपचे गणित एकेरी रिमूव्हलच्या अगदी उलट आहे. एका कार्डात तिघांचे नुकसान होत असल्याने तो व्यवहार खेळाडूंच्या संख्येबरोबर फायद्याचा होत जातो. ब्लास्फेमस ॲक्टची मूळ किंमत नऊ मॅना असली, तरी पटावरील प्रत्येक क्रीचरमागे ती एकाने घटते आणि भरलेल्या पटावर अवघ्या एका लाल मॅनात प्रत्येक क्रीचरला 13 नुकसान करता येते. टॉक्सिक डेल्यूज लाइफच्या मोबदल्यात क्रीचरांची पॉवर आणि टफनेस घटवत असल्याने 'नष्ट होत नाही' असे म्हणणारेही त्यात मरतात. सायक्लॉनिक रिफ्ट सात मॅनात, लँड सोडून, फक्त इतरांचाच पट त्यांच्या हाती परत धाडते. 2025 च्या फेब्रुवारीत कंपनीने जाहीर केलेल्या 'गेम चेंजर' (डाव पालटून टाकणाऱ्या) कार्डांच्या पहिल्या यादीत ते होते, यात नवल नाही. तरीही बोर्ड वाइप तीन-चारपेक्षा जास्त भरले, की डाव दोन-दोन तास रेंगाळतात आणि साफ केलेल्या पटावर जिंकण्याचे साधन पुसणाऱ्याकडेच नसते. स्वतः क्रीचरांची फौज उभारणाऱ्या डेकने एक-दोन आणि तेही एकतर्फी वाइप घ्यावेत, तर थोडी क्रीचर आणि बरेच स्पेल खेळणाऱ्याला चार-पाचही परवडतात. प्रत्येक खेळाडूला एकेका क्रीचरचा बळी द्यायला लावणारे फ्लेशबॅग मरॉडर किंवा इतर प्रत्येकाला तसे करायला लावणारे ग्रेव्ह पॅक्ट हे दोन्हींच्या मधले प्रकार होत. ते कोणालाही लक्ष्य करत नसल्याने हेक्सप्रूफचे (प्रतिस्पर्ध्यांना लक्ष्य करू न देणारे) कवचही त्यांपुढे चालत नाही.

स्पर्धात्मक पातळीवर हा सगळा तोल काउंटरस्पेलकडे झुकतो. तिथे वारंवार दिसणारा शेवट म्हणजे डेमॉनिक कन्सल्टेशनने स्वतःची लायब्ररी (ओढायच्या कार्डांचा गठ्ठा) रिकामी करून थासाज ओरॅकलच्या बळावर जिंकणे. ओरॅकलची क्षमता ती पटावर येताक्षणीच सुरू होत असल्याने नंतर तिला मारूनही काही उपयोग होत नाही: लायब्ररीत शून्य कार्डे असतील, तर शून्य डिव्होशनही (पटावरील आपल्या कार्डांच्या किमतींतील निळ्या मॅनाच्या खुणांची संख्या) पुरते. अशा टेबलावर सोर्ड्स टू प्लाउशेअर्सपेक्षा, आपला कमांडर पटावर असताना फुकट टाकता येणारे फिअर्स गार्डियनशिप हे काउंटरस्पेल कितीतरी मोलाचे ठरते. घरगुती डावांत, जिथे निर्णय अजूनही क्रीचरांच्या हल्ल्यांनी होतो, तिथे हेच प्रमाण उलटे लावावे लागते. त्यामुळे एकाच गटात नियमित खेळणारे बरेच खेळाडू दोन-तीन जागा मोकळ्या ठेवून, समोर कोणते डेक बसतात ते पाहून त्या भरतात.