लाल चट्ट्याची उशिरा घेतलेली दखल

तोंडात लाल चट्टा दिसला की सांगली-साताऱ्याकडं आधी 'उष्णता झालीय' म्हणतात. सब्जा, गुलकंद, तूप, फार तर मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्सची पट्टी. बहुतेक वेळा तोंडच आलेलं असतं, आठ-दहा दिवसांत उतरतं. पण जो उतरत नाही आणि दुखतही नाही, तो एरिथ्रोप्लाकिया, म्हणजे कॅन्सरकडं झुकणारा लाल चट्टा, असू शकतो. हा प्रकार फार कमी आढळतो, म्हणूनच डॉक्टरांचंही लक्ष त्याच्याकडं उशिरा गेलं.

पांढऱ्या चट्ट्याला १८७७ सालीच श्विमर यांनी ल्युकोप्लाकिया हे नाव दिलं आणि पुढं कित्येक दशकं तोच चर्चेत राहिला. लाल चट्ट्याचं वर्णन फ्रेंच डॉक्टर केरा यांनी १९११ मध्ये केलं, तेही तोंडातल्या नव्हे, पुरुषाच्या लिंगावरच्या चट्ट्याचं.

तोंडाच्या बाबतीत डोळे उघडले ते १९७५ मध्ये. शेफर आणि वॉल्ड्रन या अमेरिकेतल्या दोघांनी अशा ६५ चट्ट्यांचे तुकडे तपासले. ५१ टक्क्यांत कॅन्सर आत शिरलेला, ४० टक्क्यांत पेशी अगदी त्या उंबरठ्यावर, उरलेल्या ९ टक्क्यांतही थोडाफार बिघाड होताच. साधा असा एकही निघाला नाही. ज्याला आपण 'कॅन्सरपूर्व' म्हणतो त्यातला निम्मा मुळात 'पूर्व' नव्हताच! १९७८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं व्याख्या ठरवली: दुसऱ्या कुठल्याही आजारात बसवता येत नाही असा लालभडक चट्टा. म्हणजे घासणारा दात, कवळीखालची बुरशी, भाजणं हे सगळं आधी वगळायचं. तपासणीसाठी तुकडा काढला की रोग पसरतो, ही आपल्याकडची भीती मात्र अजून गेलेली नाही.

लाल का? तिथली त्वचा पातळ होते, वरचा कठीण थर राहत नाही आणि खालच्या रक्तवाहिन्या दिसू लागतात. चट्टा मखमलीसारखा मऊ लागतो.

तोंडाच्या कॅन्सरवरचं आपल्याकडचं मोठं काम १९७२ चं. डॉ. फली मेहता, डेन्मार्कचे पिंडबोर्ग आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ खेडूतांची तोंडं तपासली, तंबाखूच्या सवयींसकट, कारण अशा चट्ट्यांमागं बहुधा तंबाखूच असते. त्यात मिश्री आलीच. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि बोटानं हिरड्यांवर घासायची. सकाळी एकदा म्हणून सुरू होतं, मग भांगलणीला जाताना, मग दुपारी भाकरी झाल्यावर.

२०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी आली, पण तव्यावर भाजलेली मिश्री घरातच राहिली. दवाखान्यात "मावशी, तंबाखू खाता का?" विचारलं तर "न्हाई बाई" असं उत्तर येतं, आणि ते खोटं नसतं, मिश्री त्यांच्या लेखी दात घासायची. विचारायचं तर "दात कशानं घासता?" असंच विचारावं लागतं.