असण्याची एकार्थता आणि भेद : एका वादाची पार्श्वभूमी

बडोद्यात दांडिया बाजाराच्या परिसरात भरणाऱ्या आमच्या वाचनगटात ‘असणे सर्वत्र एकाच अर्थाने असते’ हे फ्रेंच तत्त्वज्ञ डेल्यूझचे सूत्र निघाले, की ‘हे तर अद्वैतच’ असा सूर हमखास लागतो. शांकर वेदान्तात भेद मिथ्या. डेल्यूझकडे भेदच खरा. ज्ञानेश्वरांचा चिद्विलास त्यामानाने जवळचा, कारण तिथे जग भास ठरत नाही. पण विलसणारे चैतन्य तिथेही एकच.

‘असणे’ अनेक अर्थांनी सांगितले जाते, हे ॲरिस्टॉटलचे मत; ईश्वराचे आणि सृष्टीचे असणे एकाच अर्थाचे नाही, त्यांत फक्त साधर्म्य आहे, हे अक्वायनसचे. १३०८ मध्ये वारलेल्या मध्ययुगीन तत्त्वज्ञ डन्स स्कोटसचे म्हणणे मर्यादित होते : ‘असणे’ ही संकल्पना ईश्वराला आणि सृष्टीला एकाच अर्थाने लावता आली नाही, तर ईश्वराविषयी तर्कच चालणार नाही. वास्तवात दोघांत काही सामाईक आहे, असे तो म्हणत नव्हता. डेल्यूझने १९६८ च्या आपल्या मुख्य प्रबंधात संकल्पनेची ही एकार्थता थेट अस्तित्वाला लावली आणि स्कोटस, स्पिनोझा, नीत्शे असा तीन टप्प्यांचा वंश मांडला. मध्ययुगाचे अभ्यासक त्यावर नाराज आहेत, आणि इतिहास म्हणून त्यांची तक्रार रास्त आहे. स्पिनोझाचे द्रव्य, म्हणजे साऱ्याचे एकमेव मूळ तत्त्व, त्याच्या प्रकारांहून, म्हणजे त्याच्या ठोस रूपांहून, स्वतंत्र उरते, हे डेल्यूझला खटकत होते. द्रव्यानेच प्रकारांभोवती फिरावे, असा त्याचा आग्रह होता, आणि त्यासाठी त्याला नीत्शेचे शाश्वत पुनरागमन हवे होते, कारण त्याच्या वाचनात पुन्हा पुन्हा परतून येतो तो भेदच.

खरी ठिणगी पडली ती १९९७ मध्ये. डेल्यूझ जाऊन दोन वर्षे झाली होती. अनेकतेचा म्हणून गाजलेला हा विचारवंत मुळात ‘एका’चाच उपासक, असा आरोप फ्रेंच तत्त्वज्ञ बादियूने केला. त्याच्या वाचनात व्यक्ती, वस्तू, घटना या साऱ्या त्या एकाच्या पृष्ठभागावरच्या प्रतिमा ठरतात. मला हा आरोप अर्धे सूत्र वाचून केलेला वाटतो. असणे एकाच अर्थाने सांगितले जाते, पण ज्याच्याविषयी ते सांगितले जाते तो भेद आहे, हा उत्तरार्ध त्यात सुटतो. डेल्यूझचाच दाखला घ्या : नांगराचा घोडा शर्यतीच्या घोड्यापेक्षा बैलाला जवळचा. वस्तू काय करू शकते, किती सोसू शकते, यावर तिचे वेगळेपण ठरते. वरून कुठलीही जात किंवा श्रेणी ते वाटून देत नाही. एकाच अर्थामुळे उतरंड मोडते आणि भेद मोकळा होतो.

बादियूचा एक मुद्दा मात्र सहज निकालात निघत नाही. सारे एकार्थी असेल, तर डेल्यूझला ‘आभासी’ (खरे, पण अजून प्रत्यक्षात न उतरलेले) आणि ‘साकार’ (प्रत्यक्षात उतरलेले) ही दोन नावे का लागतात? आभासी हेच त्या ‘एका’चे नाव, असे बादियू म्हणतो. त्यावरचे उत्तर कलनशास्त्रातून येते. तिथे दोन विकलकांना, म्हणजे dx, dy या अतिसूक्ष्म फरकांना, सुटे मूल्य नसते, त्यांचे परस्परसंबंध मात्र निश्चित असतात. आभासीही अशाच संबंधांनी विणलेले आहे. त्याच्या मुळाशी गेलो तरी हाती भेदच लागतो.