फाटकाबाहेरची शेगडी

दक्षिण कोरियात बदली होऊन आलेल्या अमेरिकी सैनिकाची खोकी अजून उघडायची असतात, तेवढ्यात घरात चौकशी सुरू होते: निखाऱ्यावर भाजलेलं चांगलं मांस इथं जवळपास कुठे मिळतं? हल्ली हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो तो प्यॉंगटेकमध्ये. २०१८ मध्ये अमेरिकी फौजांचं मुख्यालय सोलच्या योंगसानमधून इथल्या कॅम्प हंफ्रीजला आलं आणि हा अमेरिकेचा परदेशातला सर्वांत मोठा लष्करी तळ झाला. फाटकासमोरच्या आन्जंग-रीच्या गल्लीत खायला भरपूर मिळतं. पण खरी शेगडी शोधायची तर फाटकाकडे पाठ करून चालायला लागावं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यामागे सत्तर वर्षांचा इतिहास आहे.

२७ जुलै १९५३ ला कोरियन युद्ध थांबलं तेव्हा देश भुकेला होता. बैल नांगराला हवा होता, गोमांस सणासुदीलाही दुर्मीळ. मांस होतं ते तारेच्या कुंपणाआड, अमेरिकी भांडारात. तिथून चोरीछुपे बाहेर आलेले हॅमचे डबे, सॉसेज आणि शिजवलेल्या घेवड्याचे दाणे किमची (आंबवलेली कोबी) आणि तिखटाबरोबर एका पातेल्यात रटरटू लागले. तेच बुदे-जिगे, म्हणजे ‘छावणीचा रस्सा’. सोलच्या उत्तरेला उइजंगबूमध्ये त्याची अख्खी गल्ली आहे. दक्षिणेला सोंगतानमध्येही तो मिळतो, तिथं हात सैल सोडून चीज घालतात. नवख्यांसाठी एक सूचना: अमेरिकेचा ओसान हवाई तळ ओसान शहरात नाही, या सोंगतानमध्ये आहे, आणि सोंगतान १९९५ पासून प्यॉंगटेकचाच भाग आहे.

म्हणजे तळाने कोरियाला रस्सा दिला, शेगडी नाही. फाटकासमोर जे वाढलं त्याला कोरियन लोक गिजिचॉन म्हणतात, तळाच्या आश्रयाने उभी राहिलेली वस्ती. तिथली दुकानं डॉलरवर चालत. करमुक्त दारू विकणाऱ्या बारमध्ये स्थानिक कोरियन गिऱ्हाइकाला मज्जावच असे. तिथं देहविक्रय करणाऱ्या बायकांचे जे हाल झाले त्याला सरकारचंच उत्तेजन होतं, हे दक्षिण कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मान्य केलं. त्या गल्ल्यांची रोषणाई बघताना हे विसरू नये. ज्या रस्त्यावर कोरियन कुटुंब जेवायला येतच नव्हतं, तिथं कोरियन कुटुंबाच्या पसंतीची खानावळ रुजणार कशी?

ती रुजली दुसरीकडे. प्यॉंगटेकहून लोकलने उत्तरेला गेलं की सुवन लागतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस राजा जंगजोने तिथं ह्वासंग किल्ला बांधला. पुढे सुवनचा गुरांचा बाजार देशातल्या मोठ्या बाजारांत गणला जाऊ लागला. जिथं गुरांचा बाजार, तिथं मांसाची पारख. युद्धानंतर सुवनच्या खानावळींनी गाल्बी, म्हणजे गोमांसाच्या बरगड्या, निखाऱ्यावर भाजून विकायला सुरुवात केली. सोया सॉसऐवजी मिठाचं मुरवण आणि भलीमोठी बरगडी ही सुवनची खूण.

लष्कराशी खरं नातं असलेली गाल्बी मात्र पोचनमधल्या इदोंगची. हा उत्तर कोरियाच्या सीमेकडचा भाग, तिथल्या छावण्या कोरियन सैन्याच्या. सक्तीच्या सैनिकी सेवेत असलेल्या पोराला भेटायला आईबाप दूरवरून यायचे आणि आधी त्याला पोटभर गाल्बी खाऊ घालायचे. शिपायाच्या घरच्यांना परवडावं म्हणून बरगड्यांचे लहान तुकडे, पण ताटात संख्या भरपूर. परक्या तळापेक्षा या भेटीच्या दिवसांनी कोरियन भाजक्या मांसाला जास्त दिलं, असं मला मनापासून वाटतं.

आज टेबलावर जास्त दिसतं ते डुकराचं, सामग्योप्साल. पोटाकडच्या मांसाचे हे चरबीदार पट्टे १९७०-८० च्या दशकांत शहरी नोकरदाराच्या आवाक्यात आले. बऱ्याच ठिकाणी ते गॅसवर भाजतात. पाटीवर ‘सुत्बुल’ लिहिलेलं असेल तर मात्र आत कोळसा आहे. पोऱ्या लोखंडी आकड्याने लाल निखाऱ्यांचं भांडं उचलून आणतो, टेबलाच्या मधल्या खळग्यात बसवतो, वर जाळी ठेवतो आणि छताचं धुराडं खाली ओढतो. मांस जाळीवरच कात्रीने कापायचं. लेट्यूसच्या पानावर तुकडा, लसणाची चकती, बोटभर सामजांग (सोयाबीन-मिरचीची आंबवलेली चटणी), आणि पानाची पुरचुंडी एका घासात तोंडात. पहिली ऑर्डर बहुतेक ठिकाणी किमान दोन माणसांची द्यावी लागते.

हंफ्रीजच्या वाढीला दुखरी बाजू आहे. तळासाठी जमीन हवी म्हणून देचू-री गावच्या भातशेतकऱ्यांना उठवलं. २००६ मध्ये तिथं पोलीस आणि गावकरी समोरासमोर आले, पुढच्या वर्षी गाव रिकामं झालं. मुख्यालयाबरोबर सैनिकांची बायकामुलंही मोठ्या संख्येने आली. मुलांना घेऊन जेवायला बसता येईल अशा जागेची विचारणा त्यातूनच वाढली.

मांस संपलं की वाढपी विचारतो, शेवटी काय? बहुतेक जण नेंगम्यॉन सांगतात, बर्फाळ रश्श्यातल्या बकव्हीटच्या (कुट्टूच्या) शेवया. ही मूळची उत्तरेकडची, प्यॉंगयांग-हामहुंगची खासियत. दक्षिणेत ती घरोघर पोचवली युद्धात गाव सोडून आलेल्या निर्वासितांनी.